अर्ध्या बॉनेटचे काका

“कोणी केलं हे? हिंमत असेल तर समोर या! कोणी केलं?”

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात, हातात दुधाची पिशवी घेऊन पार्किंगमध्ये उभे राहून ओरडत होते. त्या आवाजानं बिबवेवाडीची झाडून सगळी कुत्री उठली. तिकडे मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव थांबला, असं मला नंतर एका आडत्यानं सांगितलं, आणि आडत्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे.

ओरडण्याचं कारण तसं रास्त होतं. सेक्रेटरींची गाडी मुळात निळी. उन्हात राहून राहून ती धुऊन विरलेल्या शाळेच्या गणवेशासारखी झाली होती. त्या सकाळी तिचं अर्धं बॉनेट लखलखत होतं. अर्धंच! मधोमध पट्टी ठेवून आखावी तशी रेघ. रेघेच्या अलीकडे गडद निळा आरसा, त्यात सेक्रेटरींचं पोट बनियनच्या भोकांसकट दिसत होतं. रेघेच्या पलीकडे तोच जुना खडू. आरशाच्या भागावर एक कावळा आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसला होता.

तळमजल्याचं दार उघडलं आणि बशीतला चहा फुंकत आमचे घरमालक, म्हणजे काका, बाहेर आले.

“ओरडू नका. मी केलंय.”

“अहो पण तुम्हाला सांगितलं कोणी होतं?”

“कोणी नाही. तुम्हाला सेक्रेटरी व्हायला तरी कोणी सांगितलं होतं?”

“मग अर्धंच का केलंत?”

“पूर्ण केलं असतं तर आधी काय होतं ते तुम्हाला कळलं नसतं. उरलेलं हवं असेल तर वाक्य म्हणा.”

ते वाक्य पुढे आमच्या सोसायटीचं राष्ट्रगीत झालं. ‘माझ्या गाडीचा रंग मेला होता आणि मला दिसत नव्हता.’ गाडीच्या मालकानं पार्किंगमध्ये उभं राहून, चार लोकांच्या समोर, खणखणीत आवाजात म्हणायचं. पुटपुटलेलं चालायचं नाही. वाक्य झालं की काका उरलेली गाडी टपापासून टायरपर्यंत फुकट, चहासुद्धा न घेता, नव्यासारखी करून द्यायचे. सेक्रेटरी आठवडाभर अर्ध्या बॉनेटनं हिंडले. चौकातले रिक्षावाले त्यांना थांबवून विचारायचे, “साहेब, बाकीची कुठं ठेवली?” शेवटी पाण्याच्या टँकरसमोरच्या रांगेत, हातात बादली घेऊन, ते वाक्य म्हणाले. तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी फक्त जेवणानंतर आडव्या झालेल्या म्हशीच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

मी अकोल्याचा. हिंजवडीत संगणकावर बोटं आपटायची नोकरी लागली म्हणून पुण्याला आलो आणि काकांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मान तिरकी करून डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि विचारलं, “अकोल्याला ऊन फार का हो?”

“हो काका. का?”

“दिसतंय.”

ही तिरकी मान म्हणजे काकांची अख्खी नोकरी. एका मोठ्या कारखान्यात ते रंगतपासणीला होते. ट्यूबलाइटांच्या बोगद्यात उभं राहायचं, नवी कोरी गाडी समोरून सरकत आली की मान तिरकी करून तिच्या अंगावरची चमक वाचायची आणि म्हणायचं, “नाही.” गाडी परत मागे. देशात पहिलं पाऊल टाकण्याआधी हजारो गाड्यांनी काकांचं ‘नाही’ ऐकलेलं होतं. मग देश खुला झाला, परदेशी यंत्रं आली आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यात स्वेच्छा सगळी यंत्रांची होती. काका घरी आले, पण ‘नाही’ सोबत घेऊन आले. पोळीला नाही, रिमोटला नाही, पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईला नाही. काकू सांगायच्या, “अहो, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा ह्यांनी आधी मान तिरकी केली. मला वाटलं, आता परत मागे पाठवतात की काय!”

काकांच्या खिशात कायम दोन वस्तू असत. एक पॉलिशची चपटी डबी आणि दुसरी एक पातळ प्लास्टिकची पिशवी. पिशवीत हात घालून तो हात गाडीवरून फिरवला की उघड्या हाताला न कळणारे धुळीचे कण बोटांना वाळूसारखे लागतात, हे त्यांनी मला शिकवलं. खरंच लागतात, करून बघा. पण काका गाडीपाशी थांबत नसत. जिन्याचा कठडा, देवळाचा खांब, बँकेतलं काउंटर, सगळीकडे पिशवीतला हात. एकदा शेजारच्यांच्या नवजात नातवाला बघायला गेले, बाळाच्या गालावरून पिशवीतला हात फिरवला आणि म्हणाले, “हं. कारखान्यातून बरा निघालाय.”

ते चिकटलेले कण काढायला त्यांच्याकडे अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला एक मऊ निळा गोळा होता. ओल्या रंगावरून तो फिरवला की सगळी घाण उचलून घ्यायचा. उन्हाळ्यात तो वितळू नये म्हणून फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. एकदा काकू बाहेर गेल्या असताना मला भूक लागली. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की चव वाईट नव्हती, आणि पुढचे चार दिवस माझ्या दातांवर धुळीचा एक कण राहिला नाही.

काकांचं काम बघायला मात्र मजा यायची. दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फक्त फडकं खंगाळायला. मग गोळा. मग रबिंग कंपाउंड, तेही फडक्यावर चण्याएवढं. हात उभा आणि आडवा. गोल गोल पुसणाऱ्या माणसाला ते रस्त्यात थांबवून रागवायचे. मग बारीक पॉलिश, शेवटी मेण. जुन्या रंगाची मेलेली साय फडक्यावर उतरायची आणि खालून झळाळता रंग वर यायचा. उतरलेल्या रंगाची फडकी ते तारेवर ओळीनं वाळत घालत, शिकाऱ्यानं कातडी टांगावीत तशी. लाल फडकी वाळत होती तेव्हा गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस सिलिंडर टाकून पळून गेला होता.

आणि दोन नियम. पहिला, उन्हात काम नाही. “तव्यावर पॉलिश करत नाहीत,” काका म्हणायचे. दुसरा, कडांवर जोर नाही. बॉनेटला जिथे उंचवटा असतो, धार असते, तिथे रंग मुळातच पातळ असतो. तिथे बोट हलकं. हे दोन नियम मोडणाऱ्याला त्यांच्या मते गाडीच काय, सायकलसुद्धा देऊ नये.

आता एक विचित्र गोष्ट. ह्या माणसाची स्वतःची गाडी सोसायटीतली सर्वांत भकास गाडी होती. कोपऱ्यात, खाकी कापडाखाली. वाऱ्यानं कापड उडालं की दिसायची. एके काळी पांढरी असावी, आता भिंतीला चुना काढून पावसात भिजवल्यासारखी. तिला त्यांनी कधी फडकं लावलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ह्यावर सोसायटीत तऱ्हेतऱ्हेचे तर्क. सेक्रेटरी म्हणायचे, नवस आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणायच्या, आईची आठवण असेल. मी म्हणायचो, ती गाडी त्यांना वाक्य म्हणत नसणार. पण समोर विचारायची छाती कोणाची नव्हती.

मग मी गाडी घेतली. आमचा मॅनेजर अमेरिकेला निघाला, जाताना त्यानं ती माझ्या गळ्यात घातली. कागदोपत्री लाल. बर्फाचा गोळा घेऊन सगळा रंग चोखून काढला की हातात जो गुलाबी बर्फ उरतो, तो तिचा खरा रंग. मी तिला कौतुकानं पार्किंगमध्ये लावली. काकांनी गॅलरीतून बघितलं. मान तिरकी झाली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

रविवारी सकाळी उठून बघतो तर अर्धं बॉनेट टोमॅटो आणि अर्धं बर्फ.

खरं सांगू, मला काहीच वाटलं नाही. आम्हा अकोल्याच्या माणसांना वाक्यं म्हणायला लाज वाटत नाही, उलट एक मागितलं तर आम्ही चार देतो. पण त्या दिवशी मला घाई होती. ऑफिसात माझ्या शेजारी बसून माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्याचा पगार घेणारी जी मुलगी होती, तिच्या वडिलांनी मला शनिवार पेठेत घरी बोलावलं होतं. तीच पुढे आमची ही. लग्न ठरणार की मोडणार, ते त्या सकाळी ठरायचं होतं. म्हटलं, वाक्य संध्याकाळी म्हणू.

शनिवार पेठेत गाडी लावली. हिचे वडील गॅलरीत उभे होते. वर येण्याची खूण करण्याऐवजी ते स्वतःच खाली आले, सदऱ्याची बटणं लावत. मी पगार, गोत्र, परदेशी जाण्याचे योग, सगळी उत्तरं पाठ करून आलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेटभोवती एक फेरी मारली.

“हे कोणी केलं?”

“आमच्या घरमालकांनी.”

“मान तिरकी करतात?”

“हो.”

“वाक्य म्हणालात?”

मी गारच पडलो. “अजून नाही. संध्याकाळी म्हणणार होतो.”

“माझ्याबरोबर या.”

बोळातून मागे नेऊन त्यांनी मला आपली स्कूटर दाखवली. जुनी, पोटाला दोन्ही बाजूंनी फुगीर डिक्या असलेली. उजवी डिकी चकचकीत हिरवी. डावी शेवाळलेल्या हौदासारखी. काका पूर्वी ह्याच बोळात समोर राहायचे. एका सकाळी त्यांनी ती अर्धी चमकवली आणि वाक्य मागितलं. ह्यांनी दिलं नाही. काका पेठ सोडून बिबवेवाडीला गेले, ह्यांची मुलगी शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून नोकरीत गेली, तरी वाक्य दिलं नाही. उजवी बाजू पावसात खराब होऊ नये म्हणून तिला रोज रात्री जुन्या शालीत गुंडाळायचे. डावी मुद्दाम तशीच ठेवलेली.

“का?” मी विचारलं.

“पुरावा आहे तो. मी शरण गेलो नाही ह्याचा.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुम्हीही जायचं नाही. त्या माणसासमोर वाक्य म्हणणाऱ्याला मी मुलगी देणार नाही. स्वतः घासलीत किंवा गॅरेजात नेलीत, तरी ती कबुलीच धरेन.”

“बाबा,” ही गॅलरीतून म्हणाली, “त्याची गाडी गुलाबी आहे.”

“असू दे गुलाबी. मान ताठ आहे.”

“त्याची मान ताठ नाहीये, तो घाबरलाय.”

“बाहेरून सारखंच दिसतं.”

असा मी अडकलो. वाक्य म्हणालो तर लग्न मोडणार. न म्हणालो तर मी आयुष्यभर दोन रंगांच्या गाडीत फिरणार, तेही काकांच्या डोळ्यांसमोरून. त्यात काकांना बातमी लागली. माझा होणारा सासरा कोण हे कळल्यावर त्यांनी चहाची भरली बशी खाली ठेवली.

“आयुष्यात एकच माल परत आला नाही माझ्याकडे,” ते म्हणाले. “ती डावी डिकी.”

मग माझा छळ सुरू झाला. छळ म्हणजे लाड. सकाळी दाराबाहेर पॉलिशची डबी झाकण उघडून ठेवलेली, वासासाठी. काकूंच्या हाती साबुदाण्याची खिचडी, वर निरोप, “एकच तर वाक्य आहे म्हणतात.” मी हळू आवाजात म्हणून टाकू का, असं विचारलं तर काकू म्हणाल्या, “अरे, ते ऐकतील, आणि मग शनिवार पेठेपर्यंत पाटी लावतील.” ऑफिसात माझ्या गाडीची ख्याती झाली. बाहेरचा रखवालदार एका बाजूनं आलो तर सलाम ठोकायचा, दुसऱ्या बाजूनं आलो तर ओळखपत्र मागायचा.

लग्नाचा दिवस उजाडला. सासऱ्यांनी काकांना स्वतः जाऊन, अक्षत देऊन, सहकुटुंब आमंत्रण केलं होतं. तेव्हाच मला शंका आली होती. आमची पाठवणी माझ्याच गाडीतून व्हायची होती आणि ती सासऱ्यांनी कार्यालयाच्या दारासमोर, भर उन्हात, प्रत्येक पाहुण्याला आडवी येईल अशी लावून घेतली. फुलांच्या माळा फक्त चमकत्या अर्ध्यावर. गुलाबी अर्धं उघडं. काकांची खुर्ची पहिल्या रांगेत, दाराच्या समोर. गाडीशेजारी सासऱ्यांची स्कूटर, डावी डिकी काकांकडे.

मंगलाष्टकं चालू होती आणि माझं सगळं लक्ष काकांकडे. पाहुणे आत येताना बोलत होते, “दोन गाड्या जोडल्यात का हो?” “मुलाकडचे अर्धे पैसे देणार असतील.” प्रत्येक वाक्याला काकांची मान आणखी तिरकी होत होती. ‘शुभमंगल सावधान’ म्हटलं तेव्हा ती खांद्याला टेकली होती. लोकांनी अक्षता आमच्या डोक्यावर टाकल्या, काकांच्या सगळ्या अक्षता दाराच्या दिशेनं गेल्या.

पंगत बसली. मसालेभात आला, जिलबी आली. सासरे तुपाचं भांडं घेऊन आग्रह करत होते. काकूंच्या शेजारच्या पानासमोर थांबले. पान वाढलेलं, माणूस नाही.

“कुठे गेले?”

“हात धुवायला,” काकू पानात बघत म्हणाल्या.

“जेवणाच्या आधी धुतले की!”

तुपाच्या भांड्यासकट सासरे बाहेर धावले, मागे मी मुंडावळ्या सावरत, मागे ही शालू उचलून, मागे अर्धी पंगत उष्ट्या हातांनी.

काका बॉनेटवर वाकले होते. फडकं नव्हतं म्हणून खांद्यावरचं रेशमी उपरणं हातात, खिशातली डबी उघडी. दुपारचं रणरणतं ऊन, पत्रा इतका तापलेला की त्यावर पापड भाजून निघाला असता. उभा हात, आडवा हात, गोल हात, मिळेल तसा हात. घाम बॉनेटवर टपटपत होता आणि तोही पॉलिशमध्ये घासला जात होता. आयुष्यभर जपलेला एकेक नियम त्या माणसानं त्या उन्हात वाळत घातला होता. गुलाबी रंग उपरण्यावर उतरत होता आणि खालून लाल वर येत होता. कोणी वाक्य म्हटलं नव्हतं. कोणी काही मागितलं नव्हतं.

सासरे ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. सावलीत उभे राहून, सगळं बॉनेट लाल होईपर्यंत, शांतपणे बघत राहिले. मग पुढे झाले.

“आता तुम्ही म्हणा वाक्य.”

काका उभे राहिले. जमलेल्या वऱ्हाडाकडे पाहिलं, डाव्या डिकीकडे पाहिलं. कार्यालयात सनईची कॅसेट संपून नुसती खरखर चालली होती.

“राहवलं नाही,” काका म्हणाले.

“मोठ्यानं.”

“राहवलं नाही मला!”

सासऱ्यांनी डोळे मिटले. इतक्या वर्षांची शाल कोणीतरी अंगावरून काढावी तसे ते हलके झाले. मग काकांचं मनगट धरून त्यांना पंगतीत नेलं, स्वतः वाढलं आणि जिलबीवर जिलबी घातली. काकांनी एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. काकू म्हणाल्या, संसारात पहिल्यांदाच. पाठवणीच्या वेळी सासरे रडले, पण मुलगी निघाली म्हणून की स्कूटरची किल्ली काकांच्या हातात दिली म्हणून, हे मला आजतागायत सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिला सोसायटी दाखवायला खाली आणलं. काका पार्किंगमध्ये सासऱ्यांची डावी डिकी घेऊन बसले होते, सावलीत, दोन बादल्या लावून, पुन्हा सगळ्या नियमांनी. ही मात्र आमच्या गाडीपाशी थांबली. चुका शोधायची नजर ती, लग्नानं थोडीच जाणार! बॉनेटच्या उंचवट्यावर, लग्नाच्या दिवशी घाईत घासलेल्या बाजूला, एक लांबट राखाडी डाग तिनं बोटानं दाखवला.

“काका, हे काय आहे?”

काकांनी मान वर केली. “अस्तर.”

“म्हणजे?”

“रंगाच्या खाली असतं ते.”

“मग त्याच्या वरचा रंग कुठे गेला?”

काकांनी तारेकडे पाहिलं. तिथे त्यांचं रेशमी उपरणं वाळत होतं, लालभडक.

हिनं उपरण्याकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं, मग सेक्रेटरींच्या निळ्या गाडीकडे, आणि शेवटी कोपऱ्यातल्या खाकी कापडाकडे. वाऱ्यानं एक टोक उडालं होतं आणि खालचा मेलेला पांढरा रंग दिसत होता. वर गॅलरीत सेक्रेटरी दात घासायचे थांबले. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी कानामागे हात धरला.

“काका, सगळ्या जगाच्या गाड्या घासता, स्वतःची कधीच का नाही घासली?”

काकांनी फडक्यावर चण्याएवढं कंपाउंड घेतलं, सासऱ्यांच्या डिकीवर टेकवलं आणि म्हणाले, “रंग जातो.”